तपकिरी औषध की गुलाबी? गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या जंतुनाशकाबद्दल

वाचकांचे पत्र

माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत. बऱ्याच काळापासून त्यांचे अंग बाहेर येते आणि आता बेळगावच्या डॉक्टरांनी खालच्या मार्गाने शस्त्रक्रिया करून पिशवी काढण्याचा सल्ला दिला आहे. माझ्या थोरल्या जाऊबाईंची पिशवी मिरजेला पोटावर छेद घेऊन काढली होती. तेव्हा त्यांच्या पोटाला गुलाबी रंगाचे क्लोरहेक्सिडीन लावले होते. बेळगावच्या सिस्टर मात्र म्हणाल्या की सासूबाईंसाठी बेटाडीन वापरतील. क्लोरहेक्सिडीनने जंतुसंसर्ग कमी होतो असे माझ्या दिरांनी मोबाइलवर वाचले आहे आणि ती बाटली आपणच विकत घेऊन द्यावी असा त्यांचा आग्रह आहे. शिवाय सासूबाईंना कोळंबी खाल्ली की अंगावर पित्त उठते. अशा माणसाला आयोडीन चालत नाही असे शेजारच्या एका बाईंनी सांगितले. आदल्या दिवशी घरीच डेटॉलच्या पाण्याने आतून धुऊन आणि केस काढून न्यावे का, हेही सांगावे.
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर

तुमच्या दिरांनी वाचलेली माहिती खोटी नाही, परंतु ती ज्या शस्त्रक्रियेबद्दल आहे ती सासूबाईंची शस्त्रक्रिया नव्हे. जाऊबाईंच्या वेळी औषध पोटाच्या कातडीवर लावले गेले. सासूबाईंच्या वेळी ते योनीमार्गाच्या आतील नाजूक आवरणावर लावायचे आहे. कातडी जाड, कोरडी आणि बाहेरच्या जगाला सरावलेली असते, तर आतील आवरण ओलसर व पातळ असते, औषध सहज शोषून घेते, आणि पाळी गेल्यानंतरच्या वयात ते अधिकच पातळ झालेले असते. त्यामुळे मिरजेत जे योग्य होते ते बेळगावात वापरले नाही म्हणून बेळगावचे रुग्णालय मागे आहे, असा निष्कर्ष कृपया काढू नका.

आधी ही औषधे काय आहेत ते पाहू, कारण सगळा गोंधळ बाटलीच्या रंगावरून होतो आणि रंग हा पुष्कळदा केवळ कुठे लावले व कुठे राहिले ते दिसावे म्हणून घातलेला असतो. बेटाडीन या नावाने आपण ओळखतो ते पोव्हिडोन-आयोडीन होय. त्याच्या दहा टक्क्यांच्या द्रावणात प्रत्यक्ष उपलब्ध आयोडीन सुमारे एक टक्का असते आणि ते हळूहळू सुटत राहते. जिवाणू, बुरशी आणि अनेक विषाणू यांच्यावर ते चालते. मात्र रक्त आणि पू यांच्या संपर्कात त्याचा जोर कमी होतो. क्लोरहेक्सिडीन कातडीला चिकटून राहते आणि काही तास काम करत राहते, हा त्याचा मोठा गुण आहे. रक्तामुळे ते फारसे दुबळेही होत नाही. परंतु डोळ्याच्या बुबुळाला आणि कानाच्या आतील भागाला ते अपाय करू शकते, म्हणून ते कुठेही लावावे असे औषध नव्हे. या दोघांच्या जोडीला तिसरा घटक असतो, ज्याचे नाव चर्चेत क्वचितच येते, तो म्हणजे अल्कोहोल. जंतू मारण्याचा वेग त्याचा सर्वाधिक असतो, पण ते उडून जाते, म्हणून आयोडीन किंवा क्लोरहेक्सिडीन त्यात मिसळून देतात.

दिरांनी जे वाचले त्याचा उगम बहुधा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत असावा. सहा रुग्णालयांतील ८४९ रुग्णांच्या त्या अभ्यासात अल्कोहोलमिश्रित क्लोरहेक्सिडीन लावलेल्यांपैकी ९.५ टक्के लोकांना, तर पोव्हिडोन-आयोडीन लावलेल्यांपैकी १६.१ टक्के लोकांना शस्त्रक्रियेच्या जागी संसर्ग झाला. फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे, पण त्यातली मेख अशी की एका बाजूला अल्कोहोल होते आणि दुसऱ्या बाजूला नव्हते. माझ्या मते ही कुस्ती बरोबरीच्या मल्लांची नव्हती. पुढे २०१६ मध्ये सिझेरियनच्या ११४७ रुग्णांवर जी चाचणी झाली तीत दोन्ही औषधे अल्कोहोलमध्येच होती आणि तरीही क्लोरहेक्सिडीनचा आकडा ४ टक्के व आयोडीनचा ७.३ टक्के आला, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. उलट २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधील ३३६० रुग्णांच्या हृदयाच्या व पोटाच्या शस्त्रक्रियांत दोन्ही अल्कोहोलमिश्रित औषधे जवळजवळ बरोबरीला आली. आयोडीनच्या बाजूला ५.१ टक्के आणि क्लोरहेक्सिडीनच्या बाजूला ५.५ टक्के.

आपल्यासाठी मला याहून मोलाचा वाटतो तो २०२१ चा अभ्यास, कारण तो भारतासह सात देशांतील ५४ रुग्णालयांत झाला आणि त्यात ५७८८ रुग्ण होते. पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी अल्कोहोलमधील दोन टक्के क्लोरहेक्सिडीन आणि पाण्यातील दहा टक्के पोव्हिडोन-आयोडीन यांची तेथे तुलना झाली आणि संसर्गात अर्थपूर्ण फरक आढळला नाही. एकूण संसर्गाचे प्रमाण मात्र २२ टक्के होते. म्हणजे बाटली बदलल्याने न सुटणारे कितीतरी प्रश्न आपल्यासारख्या देशांच्या रुग्णालयांत असतात, हे त्या आकड्यावरून उघड होते.

पोटाच्या कातडीपुरते बोलायचे तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये अल्कोहोलमिश्रित क्लोरहेक्सिडीनला पसंती दिली आहे आणि माझ्या घरच्या माणसाच्या पोटावर छेद घ्यायचा असता तर मीही अल्कोहोलमिश्रित औषध आहे ना, एवढे विचारले असते. आयोडीन की क्लोरहेक्सिडीन यावर मात्र मी सर्जनशी वाद घातला नसता.

आता सासूबाईंच्या शस्त्रक्रियेकडे येऊ. योनीमार्गात जंतू नसलेली अवस्था कधीच नसते. तेथे निरोगी स्त्रीतही असंख्य जिवाणू राहतात, आणि पिशवी काढताना हा मार्ग थेट पोटाच्या पोकळीशी जोडला जातो, म्हणून तेथील स्वच्छता ही कातडीच्या स्वच्छतेइतकीच गंभीर बाब आहे. या जागेसाठी पाण्यातील पोव्हिडोन-आयोडीन हेच अनेक दशके जगभर वापरले जाते आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाची योनीमार्गासाठीची मान्यताही त्यालाच आहे. तेथील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये असे मत दिले की, अल्कोहोलचे प्रमाण अगदी कमी असलेले चार टक्के क्लोरहेक्सिडीन योनीमार्गासाठी सुरक्षित व परिणामकारक आहे आणि विशेषतः आयोडीनची अ‍ॅलर्जी असलेल्या स्त्रीसाठी ते वापरता येते. परंतु सत्तर टक्के अल्कोहोल असलेले द्रावण आत वापरू नये, कारण त्याने आतील आवरण भाजते व सोलवटते. औषधाच्या दुकानात क्लोरहेक्सिडीन मागितल्यावर जी बाटली मिळेल ती कातडीसाठीची, म्हणजे भरपूर अल्कोहोलची असण्याचा संभव मोठा आहे. दिरांनी प्रेमापोटी आणलेली तीच बाटली घाईगर्दीत चुकीच्या जागी वापरली गेली तर काय होईल, याचा त्यांनी विचार करावा. त्याशिवाय उघडलेल्या किंवा पाणी घालून पातळ केलेल्या जंतुनाशकाच्या बाटलीतच जंतू वाढल्याची उदाहरणे वैद्यकीय इतिहासात आहेत, त्यामुळे कोणतेही चांगले रुग्णालय घरून आणलेली बाटली शस्त्रक्रियागृहात घेणार नाही, आणि घेऊ नये.

योनीमार्गातील तुलनेबद्दल सर्वाधिक उल्लेख होतो तो २००५ मधील पन्नास स्त्रियांच्या अभ्यासाचा, आणि त्या सर्वांची पिशवी सासूबाईंप्रमाणेच खालून काढली गेली. शस्त्रक्रिया सुरू होऊन अर्धा तास झाल्यावर घेतलेल्या नमुन्यांत आयोडीनच्या गटातील ६३ टक्के, तर चार टक्के क्लोरहेक्सिडीनच्या गटातील २२ टक्के स्त्रियांमध्ये जंतूंची संख्या ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक होती. नंतरच्या नमुन्यांत हा फरक तितका ठळक राहिला नाही. या अभ्यासावरून क्लोरहेक्सिडीनची बाजू घेणारे सर्जन आहेत आणि त्यांचे म्हणणे तर्कशुद्ध आहे. परंतु नमुन्यात जंतू अधिक सापडणे आणि रुग्णाला ताप येणे किंवा टाक्यांत पू होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पन्नास स्त्रियांच्या अभ्यासातून दुसऱ्या गोष्टीचा निकाल लागत नाही. सिझेरियनपूर्वी योनीमार्ग पुसून घेतल्यास गर्भाशयाच्या आतील दाह कमी होतो हे पुष्कळ चाचण्यांतून दिसले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना त्यासाठी पोव्हिडोन-आयोडीन किंवा क्लोरहेक्सिडीन यांपैकी कोणतेही एक चालेल असे म्हणते. तेव्हा सिस्टरांनी बेटाडीन सांगितले असेल तर त्यात बदल सुचवण्याचे कारण मला दिसत नाही.

औषध कोणते यापेक्षा ते कसे लावले जाते याने अनेकदा अधिक फरक पडतो. सारवलेली जमीन वाळण्याआधी तुडवली तर सारवण वाया जाते, तसेच जंतुनाशक लावून लगेच पुसले किंवा धुतले तर त्याचे काम अर्धवट राहते. कातडीवर पोव्हिडोन-आयोडीनला दोन-तीन मिनिटे मिळाली पाहिजेत. अल्कोहोलमिश्रित औषध केस नसलेल्या कातडीवर वाळायला किमान तीन मिनिटे लागतात आणि केसांमध्ये ते पुष्कळ वेळ ओले राहते. अशा ओल्या भागाजवळ विजेच्या उपकरणाने रक्तवाहिनी जाळून बंद करताना आग लागल्याच्या घटना घडलेल्या आहेत. पाठीखाली ओघळून साचलेल्या बेटाडीनने कातडी लाल होऊन भाजल्यासारखी होते, आणि मग घरचे लोक त्यालाच अ‍ॅलर्जी समजतात. ही सर्व काळजी शस्त्रक्रियागृहातील लोकांची आहे, तुमची नाही, परंतु दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या कंबरेवर किंवा मांड्यांवर असा डाग दिसला तर सिस्टरांना दाखवा.

कोळंबीच्या प्रश्नाचे उत्तर अगदी स्पष्ट आहे. कोळंबी-खेकड्यांची अ‍ॅलर्जी त्यांच्या शरीरातील प्रथिनामुळे होते, त्यांतील आयोडीनमुळे नव्हे. आयोडीन तर आपल्या रोजच्या मिठात असते आणि सासूबाई ते मीठ खातात. कोळंबीने पित्त उठते एवढ्या कारणासाठी बेटाडीन टाळण्याची गरज नाही. तरीही ही गोष्ट भूलतज्ज्ञांना जरूर सांगा, कारण कुठल्याही अ‍ॅलर्जीची नोंद कागदावर असणे हिताचे असते. पूर्वी कधी जखमेवर बेटाडीन लावल्यावर अंगभर खाज किंवा सूज आली असेल, तर मात्र ती वेगळी व महत्त्वाची माहिती आहे.

क्लोरहेक्सिडीनची तीव्र अ‍ॅलर्जी विरळ आहे, पण ती जिवावर बेतू शकते आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता. हे औषध आपल्या घरात नकळत आलेले असते: दाताच्या डॉक्टरांनी दिलेल्या चूळ भरण्याच्या औषधात ते असते, सॅव्हलॉनमध्ये सेट्रिमाइड या दुसऱ्या जंतुनाशकाच्या जोडीला असते, आणि लघवीची नळी घालताना वापरल्या जाणाऱ्या काही जेलींतही असते. यांपैकी कशाने सासूबाईंना पूर्वी त्रास झाला होता का, हे आठवून ठेवा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तेही सांगा. एकदाच लावलेल्या बेटाडीनने सहसा काही बिघडत नाही, परंतु पुढे रोज त्याने ड्रेसिंग किंवा पट्टी करायची असेल तर डॉक्टर त्याचा विचार करतील.

आता घरच्या तयारीविषयी. डेटॉल, सॅव्हलॉन, घरातील बेटाडीन, कडुलिंबाच्या पाल्याचे पाणी, यांपैकी काहीही आत घालून धुऊ नका. डेटॉल हे वेगळेच रसायन आहे, त्याने आतील आवरण जळजळते, आणि धुण्यामुळे तेथील उपयुक्त जिवाणू नाहीसे होऊन नको ते वाढतात. केसही घरी काढू नका. वस्तऱ्याने किंवा ब्लेडने डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि रात्रभरात त्यांत जंतू वाढतात. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी वस्तरा वापरू नये, केस तसेच ठेवावेत किंवा अत्यावश्यक असेल तेथे क्लिपरने, म्हणजे केस कापण्याच्या यंत्राने, कापावेत असे जागतिक आरोग्य संघटना ठामपणे सांगते. आपल्याकडे अनेक ठिकाणी आदल्या संध्याकाळी आया वस्तरा घेऊन येतात. त्यांना नम्रपणे विचारा की क्लिपर आहे का, आणि डॉक्टरांनी शेव्हिंग सांगितले आहे का. आदल्या रात्री आणि सकाळी साध्या साबणाने स्वच्छ आंघोळ घालणे पुरेसे आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माचा भंडारा कपाळाला जरूर लावा, पण ओटीपोटाला किंवा मांड्यांना लावू नका, आणि एरंडेल किंवा खोबरेल तेल चोळले असेल तर ते पूर्ण धुऊन काढा, कारण तेलकट कातडीवर औषध नीट बसत नाही.

तुमच्या पत्रात न आलेल्या काही गोष्टी मला अधिक महत्त्वाच्या वाटतात. अंगावरून पांढरे जात असेल, त्याला वास येत असेल किंवा खाज असेल, तर शस्त्रक्रियेच्या तारखेपूर्वी डॉक्टरांना सांगून तपासणी व उपचार करून घ्या. या संसर्गामुळे पिशवी काढल्यानंतर आतील टाक्यांच्या जागी संसर्ग होण्याचा धोका वाढतो, आणि आपल्या वडीलधाऱ्या स्त्रिया ही गोष्ट संकोचाने पोटात ठेवतात. बाहेर आलेल्या भागावर कपड्याच्या घर्षणाने व्रण झाला असेल तर तो आधी भरून यावा लागतो. त्यासाठी पिवळ्या औषधात, म्हणजे ग्लिसरीन-अ‍ॅक्रिफ्लेविनमध्ये, भिजवलेली पट्टी काही दिवस ठेवतात, आणि त्यामुळे तारीख पुढे गेली तर कुरकुर करू नका. मधुमेह असेल तर शस्त्रक्रियेच्या आसपास रक्तातील साखर २०० मिलिग्रॅमच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो. मशेरीची सवय असल्यास तीही सांगा. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तासाभरात शिरेतून दिले जाणारे अँटिबायोटिक हा संसर्ग टाळण्याचा भक्कम आधार आहे, त्यामुळे पेनिसिलिनसारख्या औषधाची प्रतिक्रिया पूर्वी आली असेल तर ते लपवू नका.

हे सर्व एका कागदावर लिहून न्या: चालू गोळ्यांची नावे, अ‍ॅलर्जी, मधुमेह, थायरॉइड, अंगावरून जाण्याची तक्रार. केसपेपर आणि संमतिपत्र बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असेल; बेळगावच्या रुग्णालयांत मराठी बोलणारे डॉक्टर व सिस्टर सहज भेटतात, तेव्हा सही किंवा अंगठा देण्यापूर्वी मजकूर मराठीतून समजावून घ्या आणि अ‍ॅलर्जीची नोंद केसपेपरवर तुमच्या डोळ्यांदेखत झाली आहे याची खात्री करा. जंतुनाशकाबद्दल एकच प्रश्न विचारायचा असेल तर तो असा विचारा: "आत लावायचे औषध पाण्यातले आहे ना?" या प्रश्नाने कोणाचा अपमान होत नाही.

शस्त्रक्रियेनंतर लघवीची नळी कधी काढणार, हेही विचारून ठेवा, कारण अशा शस्त्रक्रियांनंतर सर्वाधिक आढळणारा संसर्ग लघवीचा असतो आणि नळी जितकी लवकर निघेल तितके बरे. सुरुवातीच्या दिवसांत कपड्याला तपकिरी डाग दिसला तर तो बेटाडीनचा किंवा जुन्या रक्ताचा असू शकतो आणि त्याने घाबरू नये. परंतु १००.४ अंशांहून अधिक ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, दिवसागणिक वाढणारे ओटीपोटातील दुखणे, ताजे लाल रक्त किंवा लघवी अडणे यांपैकी काहीही झाले, तर पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नका. घरी सोडतानाच विभागाचा रात्रीचाही फोन क्रमांक लिहून घ्या आणि तो घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा.